न वाजणारं यंत्र

“काय शोधायचंय?” दुकानदारानं विचारलं.

“अंगठी,” कालिंदी म्हणाली.

“तसं काही खास नाही,” मी म्हणालो.

आम्ही दोघं एकदमच बोललो होतो. दुकानदारानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि या घरात कुणाचं ऐकायचं असतं हे ओळखून खुर्ची तिच्याकडे सरकवली.

दुकान कोल्हापुरातलं. मंगल कार्यालयांच्या आणि देवळांच्या दारात उभ्या करतात त्या कमानी, कॅमेरे, सायरन, कुलपं असा सगळा माल. माणसाचा माणसावर विश्वास नाही या एका गोष्टीवर तिथला धंदा उभा होता, आणि तो चांगला चालला होता. दुकानदाराचं आडनाव मगदूम. पन्नाशीचा, गोरा, गळ्यात चष्मा लोंबकळणारा माणूस.

आम्ही तिथे येण्याचं कारण आमची मुलगी मृदुला. ती ऑस्ट्रेलियात असते. तिच्या मते मी निवृत्त झाल्यापासून घरात बसून कुजत होतो. मी एका साप्ताहिकात पस्तीस वर्षं लोकांच्या खोड्या काढणारं सदर लिहिलं. संपादक गेले, साप्ताहिक गेलं, आणि मग खोड्या काढायला घरात कालिंदीशिवाय कुणी उरलं नाही. मृदुलाच्या तिकडे म्हणे निवृत्त माणसं सकाळी गळ्यात यंत्र अडकवून समुद्रावर जातात आणि वाळूत हरवलेल्या वस्तू शोधतात. “बाबा, आपल्या मिठबावला एवढा मोठा किनारा आहे. एक मेटल डिटेक्टर घ्या. माझ्याकडून भेट. फक्त तुम्हाला हवा तो निवडा,” ती फोनवर म्हणाली.

मी नको म्हणणार तेवढ्यात कालिंदीनं फोन घेतला.

“घेतो म्हणावं,” ती म्हणाली. “माझी साखरपुड्याची अंगठी तिथेच पडली आहे.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

कारण ती अंगठी पितळेची होती, आणि हे जगात एकट्या मला ठाऊक होतं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी वडिलांनी मला कणकवलीला सोनाराकडून अंगठी आणायला पाठवलं होतं. येताना खाडी होडीनं ओलांडावी लागायची. होडी मध्यावर आली तेव्हा मला वाटलं, एकदा बघावी तरी. कागद सोडला, अंगठी स्वतःच्या करंगळीत घालून बघितली, ऊन कसं पडतं ते बघायला हात लांब केला. पुढचं सांगत नाही. नावाडी एवढंच म्हणाला, “मासो होतो काय?” मी हो म्हणालो.

घरी सांगायची छाती नव्हती. कुणकेश्वरची जत्रा चालू होती. तिथल्या एका दुकानातून मुलामा दिलेली अंगठी घेतली आणि दुसऱ्या दिवशी कालिंदीच्या बोटात घातली. सहा महिन्यांत खरी करून बदलायची, असं ठरवलं होतं. मग लग्न झालं. मग दुसरे खर्च आले, आणि मुख्य म्हणजे ती अंगठी काळी पडेना. चार वर्षं ती तिच्या बोटात सोन्यासारखी लखलखत राहिली. जत्रेतल्या त्या दुकानदाराबद्दल माझ्या मनातला आदर वाढत गेला. (यावर मराठीत एक म्हण आहे, ती मला ठाऊक आहे. मी स्वतः ती सदरात चौदा वेळा वापरली आहे.)

चौथ्या वर्षी ताईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, लग्न ठरलं. तिच्या पाटल्या करायला घरातलं मोडीचं सोनं गोळा करायचं ठरलं आणि आईनं सुनेची अंगठीही त्यात धरली. सोनार दोन दिवसांनी घरी येणार होता. मी कुठे पळून जावं याचा विचार करत होतो. तेवढ्यात कालिंदी समुद्रावर तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला गेली आणि रिकाम्या बोटानं परत आली. अंगठी वाळूत कुठे पडली ते कळलंच नाही, म्हणाली.

आईनं आकाशपाताळ एक केलं. मला मात्र, सांगायला लाज वाटते, पण सुटल्यासारखं झालं. नंतर आई जाईपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायची, “आमची सून टोपलीभर तिसऱ्या घेऊन आली आणि सोनं समुद्राला देऊन आली.” पाहुणे हसायचे. कालिंदी चहा आणायची. मी वर्तमानपत्र वाचायचो.

तर आता अडतीस वर्षांनी ती अंगठी शोधायला आम्ही मगदूमांच्या दुकानात बसलो होतो.

“नवीन माणसानं पहिलं मशीन घेताना तीन गोष्टी बघायच्या,” मगदूम म्हणाले. “वजन झेपतंय का, पाण्याचं त्याला काही होत नाही ना, आणि ते काय बोलतंय ते आपल्याला कळतंय का.”

“माझ्या वडिलांनी स्थळ बघताना एवढं बघितलं नव्हतं,” कालिंदी म्हणाली.

मगदूमांनी काउंटरवर तीन यंत्रं मांडली. पहिलं हलकं आणि स्वस्त. ते काउंटरच्या खिळ्यांना, मगदूमांच्या कमरेच्या पट्ट्याला आणि माझ्या चष्म्याला, सगळ्यांना सारखंच वाजलं. दुसऱ्याला एक बटण होतं. तिसऱ्याला पडदा होता. त्यावर आकडे यायचे आणि ते घेऊन म्हणे गुडघाभर पाण्यात उतरता यायचं.

“याचा आकडा सांगतो की खाली काय आहे,” मगदूम तिसऱ्याबद्दल म्हणाले.

“सोनं आहे की पितळ, तेसुद्धा?” मी सहज विचारावं तसं विचारलं.

मगदूमांनी स्वतःच्या बोटातली सोन्याची अंगठी काढून काउंटरवर ठेवली. शेजारी पितळेची एक कडी ठेवली. यंत्राची थाळी वरून फिरवली. दोन्हींना तोच आवाज, आकडाही जवळपास तोच.

“एवढंच बघा याला जमत नाही,” मगदूम म्हणाले. “बारकं सोनं आणि पितळ याला एकच वाटतंय. खणून हातात घेतल्यावरच कळायचं.”

“याच्या जागी बाई असती तर तिला आधीच कळलं असतं,” कालिंदी म्हणाली. तिच्यासमोर चहा आला होता.

मी दुसऱ्या यंत्राकडे वळलो. “हे बटण कसलं?”

“हा त्याचा कान समजा, काका. डावीकडे असला की त्याला सगळं ऐकू येतंय. उजवीकडे फिरवत गेलं की आधी खिळ्यांना वाजायचं थांबतंय, मग चांदीच्या कागदाला, मग बाटलीच्या बुचाला. कचरा सापडू नये म्हणून केलंय. पण जपून. नवीन लोक इथंच चुकतात. कचरा नको म्हणून पार उजवीकडे फिरवून ठेवतात. मग बारकं सोनं, बारकं पितळ, कशालाच वाजत नाही आणि परत येऊन मलाच म्हणतात, समुद्रावर काय मिळत नाही.”

“म्हणजे पार उजवीकडे फिरवलं तर अंगठीलाही वाजणार नाही?”

“बारीक असली तर नाही.”

“हेच द्या,” मी म्हणालो.

मगदूम माझ्याकडे बघत राहिले. “काका, त्या पैशात थोडी भर घातली तर पडद्याचं येतंय. मुलगी देणार आहे म्हणता.”

“मला बटण आवडलं.”

मी चोरून कालिंदीकडे पाहिलं. ती बिस्किट चहात बुडवत होती. बिस्किट मऊ व्हावं पण तुटू नये, याकडे तिचं सगळं लक्ष होतं. अशा वेळी तिला दुसरं काही ऐकू जात नाही, असा माझा बेचाळीस वर्षांचा समज होता.

मगदूमांनी यंत्र बांधता बांधता बाकीचे नियम सांगितले. ओली खारी वाळू असली की ते उगाच बडबडतं, म्हणून कोरड्या वाळूत सुरुवात करायची. थाळी जमिनीला समांतर ठेवायची. वीतभर खोलीपर्यंतच त्याला कळतं, त्याखाली पाताळात काय आहे ते विचारायचं नाही. खणलेला खड्डा बुजवायचा. “आणि जुनं घबाड सापडलं तर कलेक्टरला कळवायचं असतंय,” ते म्हणाले.

“अडतीस वर्षांचं जुनं धरतात का?” कालिंदीनं विचारलं.

“अंगठी तुमचीच की काकू.”

“म्हणूनच विचारते.”

चष्म्याची काडी घट्ट करून आणतो असं सांगून मी अर्ध्या तासासाठी सटकलो आणि सराफाच्या दुकानात गेलो. माझ्या एकुलत्या एका पुस्तकाच्या मानधनाचे पैसे बँकेत पडून होते. ते पुस्तक विनोदी होतं, त्यामुळे रक्कमही विनोदी होती, तरी एक बारीकशी अंगठी आली. नक्षी साधारण तीच. सराफानं गुलाबी कागदात बांधून दिली. माझा बेत असा होता: यंत्राचा कान पार उजवीकडे पिळून ठेवायचा, म्हणजे पितळ सापडणार नाही. तिची पाठ वळली की नवी अंगठी वाळूत टाकायची. मग बटण हळूच डावीकडे फिरवून म्हणायचं, इथे बघ बरं जरा. तिची अंगठी तिला मिळेल, तीही सोन्याची, आणि बेचाळीस वर्षांचा हिशेब कुणाला न कळता मिटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही समुद्रावर गेलो. भरती उतरली होती. रापणीची जाळी सुकत होती, दोन कुत्री एकमेकांकडे पाठ करून बसली होती, बाकी कुणी नव्हतं. यंत्र कालिंदीनं घेतलं. मी म्हटलं, तू दमशील. ती म्हणाली, केरसुणीपेक्षा हलकं आहे.

आणि खरंच, केर काढावा तशी ती तास दीड तास वाळू काढत गेली. डावीकडून उजवीकडे, एक पाऊल पुढे, उजवीकडून डावीकडे. यंत्र गप्प. मी मागून चालत होतो, लेंग्याच्या खिशात हात घालून. पण तिची पाठ काही वळेना. मी जरा मागे राहिलो की थांबायची, “पाय दुखतायत का?” विचारायची आणि मी पोचेपर्यंत उभी राहायची.

“कसं गप्प आहे बाई हे,” ती शेवटी म्हणाली. “एवढी माणसं पोरंबाळं घेऊन येतात, एक बुचसुद्धा नाही?”

“आपला किनारा स्वच्छ आहे.”

तिनं पायाच्या अंगठ्यानं वाळू सरकवली. सोड्याच्या बाटलीचं बुच वर आलं. तिनं त्यावरून थाळी फिरवली. यंत्र गप्प.

मग तिनं डाव्या कानातली कुडी काढली, रुमाल वाळूवर पसरला, कुडी त्यावर ठेवली आणि थाळी अगदी वर धरली. यंत्र गप्प. कुडी तिच्या आईची, अस्सल सोन्याची. तिनं खाली वाकून बटणाकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

“चला घरी,” ती कुडी कानात अडकवत म्हणाली. “ऊन वाढलं.”

वाटेत ती एवढंच बोलली की आज कुळथाचं पिठलं करते. मला वाटलं, निभावलं.

घरी आल्यावर ती आत गेली नाही. यंत्र घेऊन सरळ परसात विहिरीजवळच्या माडाखाली जाऊन उभी राहिली.

“हा माड कधी लावला, आठवतं?”

“ताईच्या लग्नाच्या वर्षी.”

“लग्नाच्या आधी. सोनार यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी. खड्ड्यात मीठ तुमच्या आईनं घातलं.” तिनं पायानं बुंध्याजवळची पानं बाजूला केली. “अंगठी मी.”

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो.

“सोनारानं कसोटीला लावली असती तर काय झालं असतं?” ती म्हणाली. “घरात व्याही येऊन बसलेले, तुमचे वडील ओटीवर, सगळ्यांदेखत.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं.”

“लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी कळलं. तुमच्याकडची पितळी भांडी चिंचेनं घासायला मला बसवलं होतं. तांब्या उजळला, समई उजळली आणि बोटातली अंगठीही उजळली. सोन्याला चिंच काय करणार? मी कितीतरी वेळ हाताकडे बघत बसले.”

“आणि मी समजत होतो की मुलामा चांगला आहे.”

“मुलामा लग्नाआधीच गेला होता. मी दर शनिवारी घासायचे म्हणून लखलखायची ती.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.”

“बेचाळीस वर्षं?”

“बाकीची कामं चालूच होती की.”

विहिरीवरचा रहाट वाऱ्यानं उगाचच थोडासा फिरला. मला काहीतरी बोलायला हवं होतं. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेल्या माणसाला त्या घडीला एवढंच सुचलं: “आई तुला अकरा वर्षं बोलत राहिली.”

“हो,” ती म्हणाली. “आणि तुम्ही पेपर वाचत राहिलात.”

ती हे रागानं म्हणाली नाही. आज पाणी उशिरा आलं, असं सांगावं तशी म्हणाली.

“मग आता हे मशीन कशाला घ्यायला लावलंस?”

“मृदुलाचा फोन आला तेव्हा तुमचं तोंड बघितलं. म्हटलं, आता तरी सांगतील. दुकानात तर वाटलं, मगदूमांसमोरच सांगताय. पण तुम्ही बटण निवडलंत.”

म्हणजे बिस्किट बुडवताना तिला ऐकू येतं.

मग मी सांगितलं. कणकवली, होडी, करंगळी, ऊन, नावाड्याचा मासा, जत्रा. काही गाळलं नाही. सदरात असतं तर मी हे तिखटमीठ लावून लिहिलं असतं. इथे जसं झालं तसं सांगितलं आणि ते त्याहून हास्यास्पद निघालं.

कालिंदी ऐकत राहिली.

“खाडीत पडली?” तिनं विचारलं.

“हो.”

“एवढंच?”

“एवढंच म्हणजे?”

तिनं पदराच्या टोकानं यंत्राच्या थाळीवरची वाळू पुसली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली. “मला वाटत होतं, खरी तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलीत.”

“मी? कुणाला?”

“पोस्टात ती होती ना. तुमचं टपाल देताना हसायची.”

“ती सगळ्यांनाच हसायची.”

“ते मला नंतर कळलं. तोवर माड लावून झाला होता.”

असं म्हणून ती हसली. मीही हसायला हवं होतं, पण मला जमलं नाही. खरी दुसरीकडे गेली असं मनात धरून या बाईनं खोटी चार वर्षं चिंचेनं घासली होती, आणि माझं नाव जाऊ नये म्हणून ती जमिनीत पुरून वर अकरा वर्षं वेंधळी ठरली होती.

“बघू या, वाजतं का,” ती म्हणाली. तिनं बटण पार डावीकडे फिरवलं आणि बुंध्याभोवती थाळी फिरवू लागली. एक फेरी झाली. काही नाही.

“वीतभरच कळतं म्हणाले होते,” मी म्हणालो. “मी दर वर्षी इथे माती आणि शेणखत घालतोय. आता हातभर खाली असेल.”

“मुळांनी धरून ठेवली असेल. राहू दे तिथेच.”

मी बघायला म्हणून उठलो आणि बुंध्याजवळ उकिडवा बसलो. यंत्र एकदम ओरडलं. आम्ही दोघंही दचकलो. तिनं थाळी बुंध्याकडे नेली, यंत्र गप्प झालं. माझ्याकडे आणली, ओरडलं. पुन्हा बुंधा, गप्प. पुन्हा मी.

“खिशात काय आहे?”

“किल्ल्या.”

“किल्ल्या दाराला आहेत.”

मी गुलाबी कागद काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो सावकाश सोडला. अंगठी बघितली, मग मला बघितलं.

“हीच वाळूत टाकणार होता?”

“हो.”

“आणि मी मूर्खासारखी खूश झाले असते.”

“तसा बेत होता.”

“पावती आहे?”

“आहे.”

“दाखवा.”

मी पावती दाखवली. तिनं चष्मा लावून वजनापासून सराफाच्या सहीपर्यंत सगळी वाचली, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि अंगठी माझ्यापुढे धरली. मला कळेना. “मी काय स्वतः घालू?” ती म्हणाली. मी घातली. बोटं आता सुजरी झाली आहेत, पेरावर अडली. तिनं विहिरीवरच्या बादलीत बोट बुडवलं तेव्हा गेली.

संध्याकाळी मृदुलाचा फोन आला. “बाबा, पहिल्या दिवशी काही सापडलं का?”

“सापडलं,” मी म्हणालो, “पण समुद्रावर नाही.” पुढचं तिला तिच्या आईनं सांगितलं. सांगताना दोघी इतक्या हसल्या की मी पेपर उघडला, आणि लगेच मिटून ठेवला.

ते सहा वर्षांपूर्वीचं. यंत्र पडवीत खुंटीला आहे. नारळ काढायला येणारा बाबल्या कोयता कुठेतरी टाकून विसरतो तेव्हा उपयोगी पडतं.

त्या आठवड्यातल्या शनिवारी मात्र मी मुद्दाम मोरीच्या दारात जाऊन उभा राहिलो. कालिंदी पाटावर बसून चिंचेनं भांडी घासत होती. अंगठी तिनं काढून ठेवली नव्हती. तांब्या झाला, समई झाली, ताम्हन झालं. मग तिनं चिंचेचा गोळा घेऊन अंगठी घासली, बराच वेळ, सगळ्या बाजूंनी. हात धुतला आणि उजेडात धरला.

अंगठी होती तशीच होती.

“सोनं आहे,” मी म्हणालो.

“हो, आहे,” ती म्हणाली. तिनं बोट दोनदा उलटंसुलटं करून बघितलं आणि पुढचं भांडं ओढलं. “ती मात्र दर शनिवारी नवी व्हायची.”